पुढचं आयुष्य आपलं आपण ठरवायचं तर: एक वही, बारा आठवडे

‘मला नक्की काय हवंय तेच कळत नाही’ असं कुणी म्हटलं, की त्याला शांत बसून विचार करायला सांगितलं जातं. नागपुरात फुटाळा तलावाच्या काठी तासभर बसल्यावर बरं वाटतं, यात वाद नाही. पण माणूस उठतो तेव्हा प्रश्न तिथल्या तिथेच असतो. विचार करताना आपण उत्तर आठवणीतून काढतो आणि आठवणीला ताज्या, तीव्र गोष्टी तेवढ्या दिसतात: परवाचं साहेबांचं बोलणं, मित्राने घेतलेली गाडी, लग्नात मामाजींनी सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्न. त्यामुळे इथली पद्धत तीन गोष्टींवर उभी आहे: त्या त्या वेळी केलेली नोंद, ओळखीच्यांकडे विचारपूस आणि छोट्या चाचण्या. विचार करायचाच, पण हातात माहिती आल्यावर.

लागणारं सामान थोडं आहे. शंभर पानी साधी वही, पेन आणि रोजची दहा मिनिटं. पाचव्या आठवड्यापासून पुढे सहा आठवडे दर आठवड्याला दहा तास. फोनमध्ये नोंदी ठेवू नका; नोंद करायला फोन उचलला, की वीस मिनिटं रील्समध्ये जातात आणि नोंद राहून जाते. वही घरी इतर कुणी वाचणार असेल तर ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किंवा बॅगेत ठेवा. कुणीतरी वाचेल या भीतीने लिहिलेली वही सभ्य होते आणि काही सांगत नाही.

मुहूर्त हवाच असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये, त्यातही नवतपात म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, ही वही सुरू करू नका. पारा ४५ च्या पुढे गेला आणि रात्री कूलरमधलं पाणी संपून झोपमोड झाली, की कुठलीही नोकरी नकोशी वाटते. तो निष्कर्ष उन्हाचा असतो.

एक गोष्ट आधी तपासा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडलेली आहे, पूर्वी आवडायचं तेही नको वाटतंय, किंवा जगण्याचाच कंटाळा आलाय, तर ही वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. नैराश्यात घेतलेला करिअरचा निर्णय बहुतेक वेळा पुन्हा घ्यावा लागतो.

पहिले दोन आठवडे: फक्त नोंद

दिवसातून तीन वेळा लिहायचं: दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी काम संपल्यावर आणि झोपण्याआधी. चौदा दिवसांत बेचाळीस नोंदी होतात आणि त्यात दोन रविवार येतात, ते यायलाच हवेत. प्रत्येक नोंदीत पाच रकाने:

वेळ, नेमकं काय केलं, सोबत कोण होतं, करताना अंगात जोर आला की गेला (+२ ते –२), आणि हे काम कुणी सांगितलं नसतं तर मी केलं असतं का (हो किंवा नाही).

सगळी मेहनत दुसऱ्या रकान्यात आहे. ‘ऑफिस, बोअर’ ही नोंद नव्हे. ‘११ ते १, तीन पुरवठादारांचे दर एक्सेलमध्ये लावले’ ही नोंद. ‘घरकाम’ असं लिहू नका. ‘डबे केले, मुलाचा गणिताचा पेपर तपासला, सासूबाईंच्या गोळ्या आणल्या’ असं लिहा. बायकांच्या वहीत हा रकाना भरत जातो तेव्हा अनेकदा पहिल्यांदाच दिसतं, की ‘माझ्याकडे वेळ नाही’ यातला वेळ नेमका कुठे जातो आणि त्यातलं कोणतं काम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती देता येईल.

इथे ठरावीक तीन चुका होतात. पहिली, रात्री बसून दिवसभराचं एकदम लिहिणं. मग संध्याकाळची मनःस्थिती सकाळवरही सांडते आणि सगळे आकडे सारखेच येतात. दुसरी, चांगले दिसतील असे आकडे घालणं. ‘वाचन’ म्हटलं की हात आपोआप +२ लिहितो. तिसरी, चार दिवस राहून गेले म्हणून वही सोडून देणं. चार दिवस गेले तर पुढचे चार वाढवा, मागचे आठवून भरू नका.

तिसरा आठवडा: वही वाचायची

रविवारी दोन तास काढा. सगळे +२ आणि –२ वेगळ्या पानावर उतरवा. प्रत्येकापुढे लिहा, की हा आकडा कामामुळे आला, माणसांमुळे की जागेमुळे. ही वाटणी फार महत्त्वाची आहे, कारण नोकरी नकोशी होण्यामागे बऱ्याचदा काम नसतंच. बुटीबोरीच्या कारखान्यात रोज येऊन-जाऊन दोन-अडीच तास घालवणाऱ्याला हिशेबाचं काम आवडत असेल आणि प्रवासच जीव खात असेल, तर त्याने क्षेत्र बदललं तरी दोन वर्षांनी तोच वैताग घेऊन बसेल. तेच काम वेगळ्या माणसांसोबत केलं त्या दिवशीचा आकडा शोधा. तो +१ असेल आणि एरवी –२, तर अडचण कुठे आहे ते कळलं.

मग क्रियापदं मोजा. समजावलं, दुरुस्त केलं, मोजलं, पटवलं, लिहिलं, जुळवलं, काळजी घेतली. कोणतं क्रियापद + बाजूला सारखं येतंय? पदाच्या नावापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. ‘दुरुस्त केलं’ हे क्रियापद मेकॅनिकच्या कामात आहे, संपादनात आहे, फिजिओथेरपीत आहे आणि जुनं सॉफ्टवेअर सांभाळण्यातही आहे.

नेटवरच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या द्यायच्या तर आत्ता द्या, आधी नको. जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेली सहा प्रकारांची विभागणी (हाताने करणारा, शोधणारा, घडवणारा, माणसांत रमणारा, पटवणारा, व्यवस्था लावणारा) समुपदेशनात आजही वापरली जाते आणि ती ठीक आहे. मात्र चाचणीचा निकाल आणि वही यांचं पटलं नाही तर वहीचं ऐका. चाचणीत आपण स्वतःबद्दल मत देतो. वहीत आपण काय केलं ते असतं.

उसनी इच्छा

याच आठवड्यात एका पानावर ‘मला हवं आहे’ असं डोक्यावर लिहून जे सुचेल ते लिहा: अधिकारी व्हायचं, पुण्याला जायचं, स्वतःचा कॅफे काढायचा, पीएचडी, काटोलकडे संत्र्याची बाग. प्रत्येकाला तीन प्रश्न लावा.

हे मिळालं, पण कुणालाही सांगता आलं नाही, तर हवं आहे का? नातेवाईक, सोसायटी, व्हॉट्सअॅपवरचा शाळेचा ग्रुप, कुणालाच नाही.

या कामातला साधा मंगळवार, सकाळचे अकरा, कसा असतो ते मला ठाऊक आहे का? उपजिल्हाधिकाऱ्याच्या मंगळवारात सुनावण्या, बैठका, नस्त्या आणि अतिवृष्टीनंतरच्या पंचनाम्यांचा पाठपुरावा असतो. कॅफेच्या मंगळवारात गळका नळ आणि न आलेला आचारी असतो. बागेच्या मंगळवारात फवारणी असते, आणि संत्र्याच्या नव्या बागेला विकता येईल असं फळ यायला साधारण पाच वर्षं लागतात.

ही इच्छा माझ्या मनात कधी आणि कुणाच्या तोंडून आली?

तिन्ही प्रश्नांत नापास झालेल्या इच्छा खोडा. यात घाई करू नका आणि अपराधीही वाटून घेऊ नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा सगळं शहर वर्षाची इडापीडा तिच्यासोबत धाडून देतं, तसं या यादीचंही करता येतं. उसनी असूनही पुढे आपलीशी झालेली इच्छा मात्र ठेवा. बाबांनी सुचवलं म्हणून ते खोटं, असं काही नसतं.

चौथा आठवडा: पाच माणसांना विचारायचं

आपल्याबद्दल लोकांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही, असा एक भाग असतोच. त्यासाठी पाच माणसं निवडा: घरातलं एक, सोबत काम केलेली दोन, जुना मित्र किंवा मैत्रीण एक, आणि वयाने दहा वर्षं लहान असं एक. पाचही घरातली नकोत. घरच्यांना आपण बाराव्या वर्षी कसे होतो तेच जास्त आठवतं.

‘मी कसा आहे?’ असं विचारलं तर ‘खूप छान’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी घडलेलं विचारा. ‘दादा, कोणत्या कामासाठी तुम्हाला पहिला फोन मला करावासा वाटतो?’ ‘कोणतं काम माझ्याकडे द्यायला तू टाळतेस?’ ‘मी कशाबद्दल बोलताना थांबतच नाही?’ उत्तर मिळालं, की धन्यवाद म्हणा आणि गप्प राहा. स्वतःची बाजू मांडायला लागलात, तर त्यांचं पुढचं वाक्य मिळणार नाही, आणि कामाचं बहुतेक तेच असतं. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं तर ते चौकटीत लिहा.

पाचवा ते दहावा आठवडा: चाचण्या

हा या पद्धतीचा गाभा आहे आणि लोक नेमका हाच टाळतात, कारण वहीत लिहिणं सुरक्षित असतं. पुढे काय आवडेल याचा अंदाज बांधण्यात माणूस कच्चा असतो. डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांचं बरंच काम यावरच आहे. त्यामुळे अंदाज करत बसू नका, करून बघा.

उरलेल्या इच्छांतून तीन निवडा. प्रत्येकीला दोन आठवडे, वीस तास. शनिवार-रविवारी चार-चार तास आणि आठवड्यात दोन संध्याकाळी एकेक तास. खर्चाची मर्यादा आधी ठरवा. तीनही मिळून महिन्याच्या मिळकतीच्या दहा टक्क्यांच्या आत. आणि एक सक्त नियम: वीसपैकी निदान आठ तास त्या कामातल्या सगळ्यात कंटाळवाण्या भागाला द्यायचे.

अधिकारी व्हायचं आहे? शासनाच्या संकेतस्थळावरून दहा शासन निर्णय उतरवा आणि प्रत्येकाचा अर्धा पान सारांश सरपंचाला कळेल अशा मराठीत लिहा. चौथ्याला डोळे मिटायला लागले तर समजा, की पुढची तीस वर्षं हेच वाचायचं आहे. सातव्या निर्णयात एखादी पळवाट सापडून तुम्ही सरसावून बसलात, तर तीही नोंद आहे.

शिकवायचं आहे? वस्तीतल्या सहा-सात मुलांना आठ तास शिकवा आणि त्यांच्या वह्या खरोखर तपासा. एकदा समजावून न कळलेलं तिसऱ्यांदा नव्या पद्धतीने सांगताना आपलं काय होतं ते लिहा.

शेतीत जायचं आहे? ओळखीच्या बागेत फवारणी आणि छाटणीच्या दिवशी दिवसभर थांबा, मग पहाटे कळमन्याच्या बाजारात माल उतरतो आणि भाव लागतो तेव्हा उभं राहा. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या लोकांना आपल्या मातीबद्दल विचारा. जमीन घेण्याची बोलणी त्यानंतर.

खाण्याचे पदार्थ विकायचे आहेत? दोन आठवड्यांत साठ डबे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडची नोंदणी आधी करा, ती ऑनलाइन होते. प्रत्येक डब्याचा खर्च लिहा: भाजी, तेल, गॅस, पॅकिंग, पोचवण्याचं पेट्रोल आणि तुमचे तास. तुमचे तास धरले नाहीत तर प्रत्येक धंदा नफ्यात दिसतो.

जंगल, पक्षी, निसर्गशिक्षण? पाच दिवस सकाळी सहाच्या आत अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या परिसरात पोचा, नोंदी घ्या आणि घरी येऊन त्या तारीखवार कोष्टकात भरा. आवड फोटोची आहे की नोंदीची, हे कोष्टक भरताना कळतं.

चाचणी संपली, की ‘मजा आली का’ हा प्रश्न दुय्यम ठेवा. तीन गोष्टी तपासा. दुसऱ्या आठवड्यात कुणी न ढकलता गेलात का? झालेली चूक रात्री डोक्यात घोळत होती आणि ती सुधारायची इच्छा होती का? कुणी पुन्हा बोलावलं किंवा पैसे दिले का? दोन ‘हो’ असतील तर पुढे जा. पहिला ‘हो’ आणि बाकी ‘नाही’ असेल तर तो छंद आहे, आणि तो छंदच राहू द्यावा. प्रत्येक आवडीचा धंदा करण्याच्या सध्याच्या सल्ल्याने चांगले छंद वाया जातात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अकरावा आठवडा: पैसे आणि घर

महिन्याचा खर्च अंदाजाने न लिहिता बँकेच्या नोंदींवरून काढा. समजा भाडं ९,०००, किराणा ७,०००, वीज-गॅस-फोन ३,०००, प्रवास २,५००, हप्ता ६,०००, गावी पाठवायचे ४,०००. एकूण ३१,५००. विजेचं बिल जानेवारीचं धरू नका, मेचं धरा. वर दहा टक्के अचानकचे, म्हणजे साधारण ३५,०००. नव्या कामात जम बसायला सहा महिने लागतील असं वाटत असेल तर नऊ धरा. कामाला लागणारा वेळ माणसं नेहमी कमीच धरतात, हे डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं. नऊ महिन्यांचे झाले ३,१५,०००. एवढे हातात नसतील तर योजना रद्द करायची गरज नाही, नोकरी सोडायची तारीख पुढे जाते, इतकंच. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीसोबत संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घ्या. शिक्षण हवं असेल तर नोकरी न सोडता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे दोन्ही रस्ते नागपुरात बसून धरता येतात.

घरी सांगताना बहुतेकांची चूक एकच होते: स्वप्न सांगतात, हिशेब सांगत नाहीत. ‘मला मनासारखं जगायचंय’ हे वाक्य आईबाबांना ‘तुमचं चुकलं’ असं ऐकू येतं. मग ‘काहून रे, चांगली नोकरी सोडून राहिला का?’ आणि पुढे नेहमीचं भांडण. रात्रीच्या जेवणावर किंवा पाहुण्यांसमोर विषय काढू नका. आधी एकाशीच बोला, सहसा आईशी किंवा मोठ्या बहिणीशी. मग बाबांशी, वही समोर ठेवून: ‘बाबा, नोकरी आत्ता सोडत नाही आहे. मार्चपर्यंत शनिवार-रविवार हे काम करतो. घरच्या हप्त्यात फरक पडणार नाही. मार्चमध्ये एवढे ग्राहक नसले तर थांबतो. तुम्हाला यात धोका कुठे दिसतो?’ शेवटचा प्रश्न नुसता मान ठेवायला नाही. ज्यांनी घर चालवलं आहे त्यांना धोके दिसतात. ते लिहून घ्या. जोडीदार असेल तर त्याची किंवा तिची संमती घेतल्याशिवाय बाराव्या आठवड्यात पाऊल टाकू नका.

बारावा आठवडा: ठरवणं, आणि थांबायची तारीख

एक पान, तीन वाक्यं: मी काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, काय घडलं नाही तर थांबणार. तिसरं वाक्य सुरुवातीलाच लिहायचं. नंतर लिहायला गेलं की घातलेला वेळ आणि पैसा हात धरतो.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त लागू आहे. यूपीएससीत खुल्या वर्गाला ३२ व्या वर्षापर्यंत सहाच प्रयत्न मिळतात. एमपीएससीत बहुतेक पदांसाठी वयाची मर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. मर्यादा लांब असल्यामुळे थांबणं पुढे ढकलता येतं, तोच धोका. ‘जीव तोडून प्रयत्न’ ही अट होत नाही. ‘दोन पूर्वपरीक्षांत कटऑफपासूनचं अंतर कमी झालं नाही, तर पूर्णवेळ अभ्यास बंद आणि नोकरीसोबत एक प्रयत्न’ ही अट होते.

सोडायचं काय हे आधी कळतं आणि धरायचं काय हे उशिरा, याने घाबरून जाऊ नका. बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली १३ ऑक्टोबर १९३५ ला आणि नागपुरात दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली एकवीस वर्षं अभ्यास आणि तयारी चालू होती. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची वाक्यंही बघण्यासारखी आहेत: ‘मी दारू पिणार नाही’, इतकी सरळ. पाळली की मोडली, हे ज्याचं त्याला लगेच कळतं. आपले नियम लिहिताना तेवढी सरळ भाषा वापरा.

तो सरळपणा रोजच्या वागण्यातही आणायचा तर पुन्हा वहीच. महिनाभर एक यादी ठेवा: ‘तोंडाने हो म्हटलं, मनात नाही होतं.’ त्यातले वारंवार येणारे दोन प्रसंग निवडा आणि ‘जर-तर’ वाक्य लिहा: ‘जर शुक्रवारी पाचनंतर दुसऱ्याचं काम माझ्याकडे आलं, तर मी म्हणेन, सोमवारी अकरापर्यंत देतो.’ अशी वाक्यं नुसत्या संकल्पापेक्षा जास्त पाळली जातात, हे पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. एकवीस दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. लंडनमधल्या एका अभ्यासात मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा आला होता, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. तसंच, खरं वागणं म्हणजे तोंडावर फटकळ बोलणं, असा एक गैरसमज आहे. ‘मी असाच आहे’ म्हणत लोकांना दुखावणाऱ्याने स्वतःला ओळखलेलं नसतं, फक्त सूट घेतलेली असते. आपली गोष्ट सगळ्यांना सांगायची सक्तीही नाही. आयुष्यातली काही सत्यं शेजारच्या काकाजींना न कळलेलीच बरी.

योजना दोन-तीन वर्षांचीच करा, वीस वर्षांची नको. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो हे लोक मान्य करतात, पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असं धरून चालतात. २०१३ साली एकोणीस हजारांहून जास्त लोकांवर केलेल्या अभ्यासात हेच आढळलं होतं. म्हणून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तासभर आढावा घ्या. तीन दिवसांच्या नव्या नोंदी करा, जुन्या आकड्यांशी ताडून बघा, आणि थांबायच्या तारखेचं पान उघडून त्यात काही बदलायचं असेल तर जुनी ओळ वाचता येईल अशी खोडून खाली नवी लिहा. एप्रिलचा आढावा सकाळी आठच्या आत उरका.